पाचगणी : पाच शिवांमधील वसाहत

पाचगणीचा इतिहास बहुधा एका वाक्यात सांगितला जातो. जॉन चेसन नावाच्या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात सह्याद्रीच्या एका फाट्यावरील अनाम जागा हेरली, तेथे झाडे लावली, बंगले उभे केले आणि एक थंड हवेचे ठिकाण जन्मास आले, असे ते वाक्य. त्यातील तपशील फारसा चुकीचा नाही. आक्षेप आहे तो ‘अनाम’ या विशेषणास. ज्या जागेच्या चारी बाजूंस नांदती गावे होती व त्या गावांच्या संख्येवरून जिला पुढे नाव मिळाले, ती जागा कोणाच्या दृष्टीने अनाम होती हा प्रश्न विचारल्यावाचून पाचगणीचा इतिहास लिहिता येणार नाही. आणि ती वसाहत नेमकी त्याच जागी का झाली व का टिकली, हे समजून घेण्यासाठी प्रथम तेथील भूगोल पाहिला पाहिजे. पाचगणीच्या बाबतीत हवामान ही इतिहासाची केवळ पार्श्वभूमी नाही, ते एक प्रमुख कारण आहे.

महाबळेश्वरच्या उंच पठारापासून पूर्वेकडे निघालेल्या डोंगररांगांपैकी एका रांगेवर पाचगणी वसलेली आहे. हीच रांग पुढे वैराटगडाकडे जाते. तिच्या उत्तरेस कृष्णेचे खोरे आहे व दक्षिणेस कुडाळी नदीचे. समुद्रसपाटीपासून पाचगणीची उंची सुमारे १,३०० मीटर, म्हणजे जवळजवळ सव्वाचार हजार फूट आहे. कृष्णेच्या खोऱ्याचा तळ तेथून साडेपाचशे-सहाशे मीटर खाली लागतो. वाईहून पसरणीचा घाट चढून येणाऱ्यास ही उंची थोड्याच अंतरात गाठावी लागते, आणि घाटमाथा आल्यावर चढ एकदम संपतो. डोंगराच्या माथ्यावर शिखराऐवजी सपाटी लागावी, हे या भागाचे वैशिष्ट्य होय. दख्खनचा काळा पाषाण येथे थरावर थर असा साचलेला असून माथ्याच्या थराचे दीर्घकाळ ऊन-पावसात विघटन होऊन त्याचा जांभा झाला आहे. जांभ्याचे हे कठीण टोपण खालच्या थरांचे रक्षण करते. जेथे ते शाबूत राहिले तेथे सपाट पठारे उरली, जेथे फुटले तेथे दऱ्या कोरल्या गेल्या. ‘टेबल लँड’ या नावाने प्रसिद्ध असलेले शंभर एकरांच्या आसपासचे पठार व त्याच्या परिसरातील इतर पठारे ही एकाच जुन्या भूपृष्ठाचे शिल्लक तुकडे होत.

टेबल लँड हे उंचीने वा विस्ताराने आशिया खंडातील दुसऱ्या क्रमांकाचे पठार आहे, असे विधान प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांतून वारंवार आढळते. त्यास कोणत्याही मोजमापाचा आधार देता येणार नाही. तिबेट, पामीर, इराण यांची पठारे तर दूरच राहोत, शेजारच्या महाबळेश्वरचे पठारही याहून मोठे व उंच आहे. पण अशा विधानांमुळे पठाराविषयीची खरी महत्त्वाची गोष्ट झाकली जाते, ती पाण्याची. जांभा सच्छिद्र असतो. माथ्यावर पडलेले पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या घट्ट थरावर आले की कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे पठाराचा माथा पावसाळ्यात हिरवागार दिसला तरी उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो आणि मनुष्यवस्तीस योग्य जागा माथ्यावर नसून उतारावर व बगलेत सापडते. या परिसरातील जुनी गावे सपाटीच्या मध्यभागी न वसता तिच्या कडेकडेने का विखुरली आहेत, याचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो.

पावसाचा विचार याहूनही महत्त्वाचा आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीची भिंत चढतात, माथ्याशी आपला बहुतेक भार टाकतात आणि पूर्वेकडे उतरताना कोरडे होत जातात, हा सिद्धांत शालेय पुस्तकांतही असतो. त्याचे प्रत्यक्ष प्रमाण महाबळेश्वर ते वाई या मार्गावर जितके ठळक दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. महाबळेश्वरी वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून रस्त्याने एकोणीस-वीस किलोमीटर पूर्वेस असलेल्या पाचगणीस तो दोन हजारांच्या आत येतो, आणि घाट उतरून वाईस पोहोचेपर्यंत सातशे-आठशेवर घसरतो. उंचीत पाचगणी महाबळेश्वरास जवळजवळ लागून आहे, पावसात मात्र ती वाईकडे झुकते. म्हणजे थंड हवा महाबळेश्वरची, पण पाऊस सोसवेल इतकाच. हा योग फार थोड्या पट्ट्यात जुळतो. आणखी काही कोस पश्चिमेस सरकले तर जूनपासून चार महिने घराबाहेर पडणे कठीण, आणि घाट उतरला तर थंडावा नाही.

महाबळेश्वरी १८२८-२९ पासून इंग्रजांची वस्ती झाली, तिला गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावाने माल्कमपेठ म्हणू लागले आणि पुढे मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्कामही तेथे होऊ लागला. पण पहिल्या मोठ्या सरींबरोबर सगळा लवाजमा खाली उतरत असे. मागे राहणाऱ्यांस घराच्या भिंतींना गवताच्या झडपा बांधाव्या लागत. त्या वसाहतीचे वर्ष असे दुभंगलेले होते. ज्या ठिकाणी बारा महिने राहता येईल असे दुसरे ठिकाण शोधण्याची गरज या दुभंगलेल्या वर्षातून निर्माण झाली. पाचगणी ही महाबळेश्वरची धाकटी बहीण होय, असे जे म्हटले जाते ते म्हणून अपुरे वाटते. महाबळेश्वर जे देऊ शकत नव्हते ते देण्यासाठी ती वसविली गेली.

ज्या पाच गावांच्या मध्ये ती वसली ती दांडेघर, गोडवली, खिंगर, आंब्रळ व ताईघाट ही होत. पाच गावांची म्हणून पाचगणी, अशी नावाची व्युत्पत्ती सांगतात. भाषेच्या दृष्टीने ती सर्वस्वी निर्वेध नाही. ‘पाच’ आणि ‘गाव’ यांच्या समासाचे मराठीत सहज होणारे रूप ‘पाचगाव’ हे होय, आणि त्या नावाची गावे महाराष्ट्रात आहेतही. ‘गणी’ या उत्तरपदाचा संबंध ‘गाव’पेक्षा ‘गण’ म्हणजे समूह या शब्दाशी जोडणे ध्वनिदृष्ट्या अधिक सोपे जाते, आणि तसे मानले तर पाचांचा समूह असा अर्थ निघतो. तो समूह गावांचा की पठारांचा, यावरही मतभेद संभवतो, कारण परिसरात पाच पठारे मोजणारेही लोक आहेत. परंतु स्थानिक परंपरा गावांच्या बाजूने आहे आणि ती पाचही गावे नावानिशी सांगते, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. व्युत्पत्ती कोणतीही स्वीकारली तरी एक बाब उरतेच. स्थळाचे नाव शुद्ध देशी आहे. महाबळेश्वरच्या पठारावर माल्कम, लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर अशी नावे टोकाटोकांना चिकटली. पाचगणीस चेसनचे नाव चिकटले नाही.

हा मुलूख इतिहासाला अपरिचित होता असेही नाही. खाली वाई हे जुने क्षेत्र व बाजारपेठ. वाईजवळ लोहारे येथे व वर राजपुरी येथे लेणी आहेत, आणि राजपुरीच्या लेण्यांतील कार्तिकेयाच्या दर्शनास यात्रेकरू येत आले आहेत. पश्चिमेचे जावळीचे रान मोऱ्यांकडून शिवाजी महाराजांनी १६५६ साली घेतले. १६५९ मध्ये अफजलखानाचा तळ वाईस होता, आणि प्रतापगडाच्या भेटीस जाणाऱ्या त्याच्या फौजेने याच घाटमाथ्यांतून वाट काढली. पेशवाईत घाटाखाली मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा उठला. राज्यकर्त्यांचे लक्ष मात्र किल्ले, घाट आणि खोरी यांवर राहिले. मधल्या उंच सपाटीस त्यांच्या दृष्टीने विशेष मोल नव्हते. मोल होते ते गावकऱ्यांना. सह्याद्रीच्या या भागातील शेतकऱ्याची नाचणी-वरी उतारावरच्या तुकड्यांत पिके, परंतु त्याचे गुरे चारणे, गवत कापणे, सरपण आणणे हे गावाभोवतीच्या डोंगरावर चाले. पेरलेली नसलेली जमीन म्हणजे पडीक जमीन, हे समीकरण त्याचे नव्हते.

ते समीकरण महसूलखात्याचे होते, आणि येथे महाबळेश्वर व पाचगणी यांच्या इतिहासांतील एक लक्षणीय फरक समोर येतो. १८२९ साली महाबळेश्वरची जागा इंग्रजांनी घेतली ती साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी तह करून, आणि मोबदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव महाराजांस देऊन. व्यवहार समबलांचा नव्हता हे उघड आहे, १८१८ नंतर तो तसा असणेही शक्य नव्हते. तरी जमीन कोणाची तरी आहे आणि ती घेताना काही द्यावे लागते, एवढे त्या कागदाने मान्य केले होते. पुढे १८३९ साली प्रतापसिंहांस पदच्युत करण्यात आले, १८४८ साली त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले, आणि दत्तक नामंजूर करून १८४९ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. त्यापाठोपाठ विंगेट व गोल्डस्मिड यांनी घालून दिलेल्या पद्धतीची जमीनपाहणी जिल्ह्यात आली. या पद्धतीत लागवडीखालील प्रत्येक तुकड्यास क्रमांक, आकार आणि खातेदार मिळाला. ज्या जमिनीस खातेदार नव्हता ती, गावास नेमून दिलेले गायरान वगळता, सरकारची ठरली. म्हणून १८६० नंतर पाचगणीस वसाहत करावयाची झाली तेव्हा तह करण्यास राजा उरला नव्हता, आणि पाहणीच्या नकाशात पाच शिवांमधील मोकळी जागा अगोदरच सरकारजमा झाली होती. चेसनला ती ‘अनाम’ दिसली ती या नकाशाच्या डोळ्यांनी. ही दृष्टी एकट्या चेसनची नव्हे. निलगिरी, सिमला, दार्जिलिंग येथेही रानात गुरे चारणाऱ्यांचा वा फिरती शेती करणाऱ्यांचा हक्क जमिनीच्या मालकीत धरला गेला नाही. पाचगणीचे उदाहरण आकाराने लहान असल्यामुळे ती प्रक्रिया येथे अधिक स्वच्छ दिसते, इतकेच.

हे म्हटले तरी चेसनच्या कर्तृत्वास कमीपणा येण्याचे कारण नाही. रुस्तमजी दुबाश या पारशी गृहस्थासह त्याने आसपासचे डोंगर पायी तुडविले व ही जागा निश्चित केली, असे परंपरा सांगते. वसाहतीची व्यवस्था त्याच्याकडे आली तेव्हा त्याने केवळ बंगल्यांस जागा वाटल्या नाहीत. शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, गवंडीकामाचे कंत्राटदार यांनाही बोलावून त्यांना बाजाराच्या बाजूस जागा दिल्या. पाचगणीचा खरा नागरी इतिहास या पेठेपासून सुरू होतो. ज्या वस्तीत फक्त हवा खाण्यास आलेली माणसे राहतात ती हंगाम संपला की ओस पडते. पेठ मात्र पावसाळ्यातही उघडी राहते. ऑस्ट्रेलियातील सिल्व्हर ओक आणि मेक्सिकोतील पॉइन्सेटिया ही झाडे त्यानेच येथे आणली असे मानतात. सिल्व्हर ओक आता इतका स्थानिक झाला आहे की तो परका आहे हे सांगावे लागते. सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत चेसनची कबर आहे.

बारमाही हवेचे फळ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दिसू लागले. ते म्हणजे निवासी शाळा. १८९५ मध्ये सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, १८९८ मध्ये किमिन्स, १९०४ मध्ये युरोपीय मुलांची शाळा म्हणून पुढे आलेले सेंट पीटर्स, १९०८ मध्ये पारशांची बिलिमोरिया, १९२२ मध्ये संजीवन आणि १९४५ मध्ये बहाई पंथीयांचे न्यू एरा, अशी ही मालिका आहे. मुंबईतील एकेक समाज आपापली शाळा घेऊन डोंगरावर आला, असे या यादीकडे पाहून म्हणावेसे वाटते. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग वाठारपर्यंत पोहोचला होता. तेथून वाईमार्गे टांग्याने व नंतर मोटारीने मुले येत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते किंवा पावसाळ्याच्या पोटातून जाते. महाबळेश्वरी ही शाळा चालविणे अशक्यप्राय झाले असते. या शाळांचा आवाका मुंबई इलाख्यापुरता राहिला नाही. झांझिबारमध्ये नोकरी करणाऱ्या पारशी कुटुंबातील फारुख बलसारा हा मुलगा १९५० च्या दशकात सेंट पीटर्समध्ये शिकत होता. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने तो जगभर गायक म्हणून ओळखला गेला. हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवरील भारतीयांचे जाळे या डोंगरावरील वसतिगृहात कसे येऊन मिळत होते, याचे हे एक उदाहरण.

शाळांप्रमाणेच रुग्णही आले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये दाखविला, पण त्यावर औषध नव्हते. विश्रांती, सकस आहार आणि कोरडी, शुद्ध हवा हीच चिकित्सा होती, आणि तीसाठी आल्प्सच्या पायथ्यांपासून भारतातील डोंगरांपर्यंत आरोग्यधामे निघाली. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी पाचगणीस स्थापन केलेले बेल-एअर हे त्यांपैकी नामवंत. मुंबईच्या कोंदट चाळींत आणि गिरण्यांत वाढणाऱ्या या रोगाचा भार अंशतः का होईना पाचगणीने उचलला. त्याच पेठेत शाळेची मुले आणि त्याच पेठेत क्षयाचे रोगी, हा शेजार सोपा नसणार. १९४४ नंतर स्ट्रेप्टोमायसिन आले, आणि घरी राहून औषध घेणारा रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो असे मद्रासच्या क्षयरोग औषधोपचार केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. डोंगरावरील हवेचे वैद्यकीय महत्त्व त्याबरोबर सरले. बेल-एअर पुढे रेडक्रॉसकडे गेले व एकविसाव्या शतकात एच.आय.व्ही.बाधितांच्या सेवेसाठी ओळखले जाऊ लागले. जागा बदलली नाही, रोग बदलला.

महाबळेश्वर आणि पाचगणी यांतील ऋतूंची वाटणी किती पक्की होती, याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडतो, तो म्हणजे गांधीजींच्या पत्रांवरील स्थळ-दिनांकात. आगाखान राजवाड्यातील स्थानबद्धतेतून ६ मे १९४४ रोजी सुटका झाली तेव्हा त्यांची प्रकृती ढासळलेली होती. जुहू व पुणे येथील विश्रांतीनंतर ते पाचगणीस आले ते जुलैत, म्हणजे भर पावसाळ्यात. ‘न्यूज क्रॉनिकल’चा वार्ताहर स्टुअर्ट गेल्डर याने त्यांची गाजलेली मुलाखत येथेच घेतली. जिनांना भेटीचे निमंत्रण देणारे १७ जुलै १९४४ चे पत्र येथील ‘दिलखुश’ बंगल्यातून गेले, आणि भूमिगत कार्यकर्त्यांनी उघड व्हावे हा त्याच महिन्याच्या अखेरचा सल्लाही येथूनच. ज्या जिल्ह्यात त्या वेळी प्रतिसरकार चालले होते त्याच जिल्ह्यातून तो दिला गेला, आणि नाना पाटील यांनी तो मानला नाही, ही इतिहासातील एक बोलकी विसंगती होय. पुढच्या वर्षी, १९४५ मध्ये, एप्रिल-मे गांधीजींनी महाबळेश्वरी काढला आणि जून लागताच ते पाचगणीस उतरले. वेव्हेलच्या १४ जूनच्या भाषणानंतरचा त्यांचा तारव्यवहार तेथूनच झाला. शंभर वर्षांपूर्वीचा मुंबईचा गोरा अधिकारी जून लागताच महाबळेश्वर सोडीत असे, आणि गांधीजींनाही पावसाने तेच करावयास लावले.

स्वातंत्र्यानंतर युरोपीय गेले, शाळा राहिल्या. १९५९ मध्ये फळांचे जॅम व सरबते करणारा मॅप्रोचा उद्योग येथे सुरू झाला, १९६० च्या दशकाच्या अखेरीस नैतिक पुनरुत्थानाच्या चळवळीचे ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र उभे राहिले. १९७० च्या दशकात धोमचे धरण झाले आणि पाचगणीच्या कड्यावरून दिसणारे कृष्णेचे खोरे पाण्याने भरले. आज ज्या जलाशयाकडे पाहुणे कौतुकाने बोट दाखवितात तेथे पूर्वी शेते होती. हॉटेलांची वाढ नंतरच्या दशकांतील आहे, तिच्याविषयी वेगळे काही सांगण्यासारखे नाही. ती सर्वत्र झाली तशीच येथे झाली.

पाच गावे मात्र याच काळात पुन्हा दृष्टीस पडू लागली, आणि ती एका पिकामुळे. माल्कमपेठेच्या तुरुंगात ठेवलेल्या चिनी व मलायी कैद्यांनी पठारावर भाजीपाल्याची बागायत केली होती. तो तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. स्ट्रॉबेरीच्या लागवडीचा आरंभ त्यांच्याशी जोडतात. शेतकऱ्याचे नगदी पीक म्हणून ती पसरली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि खिंगर, गोडवली, भिलार यांसारख्या गावांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत. पावसाळा सरताच रोपे लावायची आणि थंडीत फळ काढायचे, हा तिचा क्रम. ज्या हवेने शाळा आणि आरोग्यधाम आणले तीच हवा येथे अखेर शेतकऱ्याच्या कामी आली. २०१० साली या फळास भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ या नावाने. पिकविणारी गावे पुन्हा दुसऱ्याच्या नावाखाली नोंदली गेली. २०१७ मध्ये भिलारला ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून शासनाने मान्यता दिली तेव्हा या डोंगरावरील एका गावाचे स्वतःचे नाव प्रथमच राज्यभर झाले.

१७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून घोषित केला. बंगले व हॉटेले यांनी डोंगर व्यापण्यास आळा बसावा हा तिचा हेतू रास्त होता, आणि टेबल लँडसारखे पठार आज मोकळे दिसते त्याचे काही श्रेय या निर्बंधांस दिले पाहिजे. परंतु अधिसूचनेच्या नकाशात गिरिस्थान नगरपरिषदेची हद्द आणि शेजारच्या गावांचे शिवार एकाच रेषेच्या आत येतात. भाऊबंदांत वाटण्या झालेल्या घराला खोली जोडणारा खिंगरचा वा दांडेघरचा शेतकरी आणि कड्यावर नवी इमारत बांधणारा मुंबईचा मालक यांना एकाच नियमावलीपुढे उभे राहावे लागते. गावठाणाची मूळ हद्द किती होती, गायरान कोणते, गुरांची वाट कोठून जात होती, हे प्रश्न आता पुन्हा विचारले जातात, आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील त्याच पाहणीच्या नकाशांकडे जावे लागते. त्या नकाशांत पाच गावांची नावे आहेत, शिवेवरचे दगड आहेत, प्रत्येक पेरलेल्या तुकड्याचा क्रमांक आहे. मधली जागा तेवढी कोरी आहे.